कैलास-मानसरोवर : पूर्वतयारी हवीच

आयुष्यात एकदा तरी कैलास-मानसरोवराचे दर्शन घडावे, अशी अनेकांची मनीषा असते. कोविडमुळे २०२० पासून खंडित झालेली ही यात्रा २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. परराष्ट्र मंत्रालयाच्या या यात्रेसाठी उत्तराखंडातील लिपुलेख आणि सिक्कीममधील नथू ला असे दोन मार्ग आहेत. यात्रेकरूंची निवड संगणकीय सोडतीने होते. वयोमर्यादा १८ ते ७० वर्षे असून पारपत्राची मुदत पुरेशी शिल्लक असावी लागते.

खरी कसोटी असते ती उंचीची. मानसरोवर साडेचार हजार मीटरहून अधिक उंचीवर आहे, तर परिक्रमेतील डोल्मा ला ही खिंड ५,६०० मीटरच्या आसपास. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असल्याने श्वासागणिक मिळणारा प्राणवायूही निम्म्यावर येतो. डोकेदुखी, मळमळ ही विरळ हवेच्या बाधेची पहिली लक्षणे. ती अंगावर काढल्यास फुप्फुसांत पाणी साठणे, मेंदूला सूज येणे असे प्राणघातक विकार उद्भवू शकतात. त्यावर खात्रीचा उपाय म्हणजे तातडीने खाली उतरणे.

रोजची चाल, जिन्यांची चढउतार आणि प्राणायाम यांचा सराव किमान तीन महिने आधी सुरू करावा. मात्र धडधाकट माणसालाही ही बाधा होऊ शकते, हे विसरू नये. रक्तदाब वा मधुमेह असल्यास तो वैद्यकीय तपासणीत मुळीच लपवू नये. अपात्र ठरल्याचे दुःख कालांतराने ओसरते. लपवलेला आजार मात्र तेथे जिवावर बेतू शकतो.