पैसे भरण्याआधी मान्यतेचा आदेश पाहा

आपटा स्टेशनात गाडीची वाट पाहत असता आमच्या वस्तीतील एक भगिनी लेकीच्या बी.एड. प्रवेशाची पावती घेऊन माझ्याकडे आल्या. "भाऊ, कॉलेज बरं आहे ना, एवढं बघा." पावतीवर संस्थेचे नाव, फोन, इमारतीचे चित्र, सारे होते. मान्यतेच्या आदेशाचा क्रमांक तेवढा नव्हता. कारकुनाची नजर आधी तिथेच जाते.

विद्यापीठाचे नाव दिसले की झाले, असे पुष्कळ पालक समजतात. पण राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेचा, म्हणजे एनसीटीईचा, १९९३ चा कायदा वेगळे सांगतो. कलम १४ प्रमाणे आधी परिषदेची मान्यता. ती नसेल तर कलम १६ प्रमाणे विद्यापीठाला संलग्नता देता येत नाही, परीक्षाही घेता येत नाही. कलम १७ तर पालकांनी पाठच करावे. मान्यता नसलेल्या, किंवा मान्यता काढल्याचा आदेश लागू झालेल्या संस्थेत घेतलेली पदवी सरकारी वा अनुदानित शाळेतील नोकरीसाठी ग्राह्य धरली जात नाही. शिक्षा संस्थेला, पण दोन वर्षे जातात मुलीची, आणि शिष्यवृत्तीचा हक्कही त्यातच खर्ची पडतो.

हे आपल्याच राज्यात घडलेले आहे. डी.एड. कॉलेजांचे पीक आले तेव्हा आणखी नकोत असे राज्य शासन म्हणत होते, तरी परिषदेच्या विभागीय समितीने मान्यता दिल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २०११ साली न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांचा आयोग नेमला गेला, २०१२ साली अहवाल आला. वादातील २९१ संस्थांपैकी बहुतेक पात्र ठरल्या नाहीत. तपासणीपुरती कपाटात पुस्तके लावायची आणि हजेरीपटावर प्राध्यापक उभे करायचे, ही विद्या आपल्याकडे जुनीच! सावित्रीमाई स्वतः अध्यापनाचे शिक्षण घेऊन वर्गात उभ्या राहिल्या होत्या, हे इथे आठवल्यावाचून राहत नाही.

तेव्हा कॉलेजात आदेशाची प्रतच मागावी. त्यात अभ्यासक्रम कोणता, जागा किती, पत्ता कोणता, हे तिन्ही पाहावे. एका अभ्यासक्रमाची मान्यता दुसऱ्याला चालत नाही. नव्या अभ्यासक्रमाला किंवा वाढीव जागांना कलम १५ खाली वेगळी परवानगी लागते.

त्या भगिनी सोमवारी लेकीला घेऊन गेल्या. बऱ्याच वेळाने आदेश दाखवला गेला, तो डी.एड.चा निघाला. प्रवेश रद्द केला. भरलेल्या पैशांपैकी निम्मे अजून अडकले आहेत. अर्ज मी लिहून दिला असून त्याची पोच शिक्क्यासह घेतली आहे.