कोयत्याला मालक कोण?

कामगार संघटनांनी अर्थव्यवस्था तारली की बुडवली, यावर दर दिवाळीला कुणीतरी लिहितोच. बुडवली म्हणणाऱ्यांचा दाखला ठरलेला: १८ जानेवारी १९८२, दत्ता सामंत, मुंबईच्या गिरणगावातला संप. नारायण मेघाजी लोखंड्यांपासून त्या संपापर्यंतचा पट वाचकांना ठाऊक आहे, म्हणून मी तिथे रेंगाळत नाही. एवढेच नोंदवतो की १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्याने मालकाशी बोलण्याचा मक्ता एकाच संघटनेला दिला आणि कामगारांचा तिच्यावरचा विश्वास उडाला तरी तो मक्ता सुटला नाही. गिरण्यांची यंत्रे जुनाट झाली होती, खालची जमीन सोन्याच्या भावाची होती. पण पंडितांना एकटे सामंत पुरतात.

अंबाजोगाईत बसून हा वाद ऐकला की तो परमुलखातला वाटतो. आमच्या भागातला मोठा कामगारवर्ग कारखान्याच्या दारात हजेरी लावत नाही. केज, धारूर, वडवणी, परळी इथून तो दसरा उरकला की ऊसतोडीला निघतो आणि पाडव्याच्या आगेमागे परततो. नवराबायको मिळून एक कोयता. टोळी नेणाऱ्या मुकादमाने दिलेली आगाऊ उचल आधीच खर्चून झालेली असते. अशा माणसांची संघटना होते, हेच शहरी अभ्यासकांना पटत नाही. ती झाली. बबनराव ढाकणे यांनी पाया घातला, गोपीनाथ मुंडे यांनी तिला ताकद दिली, डाव्यांच्या लाल बावट्याने आपली चूल वेगळी ठेवली. ‘कोयता बंद’ म्हटले की कारखानदार चर्चेला बसत, कारण उभ्या उसाला तुरा फुटला की उतारा घसरतो. २०२० साली १४ टक्के वाढ मिळाली, जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के. हा पैसा शेवटी आमच्या मोंढ्यातच येतो. कापडवाला, सराफ, बी-बियाणेवाला यांना विचारा, संघटनेने अर्थव्यवस्थेचे काय केले ते.

तरीही माझे भांडण आहेच, आणि ते आपल्याच माणसांशी आहे. लवाद बसला, पुढारी बसले, टक्के ठरले, फोटो निघाले. मालक कोण, हे मात्र कधीच ठरले नाही. कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो, मुकादम कारखान्याकडे. मुकादमाचे कमिशन वाढवण्याची मागणी कामगारांच्याच मागणीपत्रात असते. २०२४ च्या करारात तेही २० टक्क्यांवर गेले. कर्ज देणारा आणि घेणारा एकाच झेंड्याखाली! काही पुढाऱ्यांनी तर कोयत्याचे नेतृत्वही केले आणि कारखानेही काढले. टेबलाच्या दोन्ही बाजूंना आपलीच खुर्ची असेल तर भांडण बेताचेच होणार. त्यात तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या एफआरपीतून, म्हणजे उसाच्या रास्त व किफायतशीर दरातून, वजा होतो. म्हणजे मजुराच्या वाढीचा बोजा निघतो ऊसवाल्याच्या बिलातून, आणि मग गावोगाव दोन गरिबांतच जुंपते.

माझा जुना हट्ट माथाडी मंडळाचा आहे. १९६९ चा माथाडी कायदा अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून आला. डोक्यावर पोती वाहणाऱ्यालाही मालक नेमून देता येतो, हे त्याने दाखवून दिले. मंडळात व्यापाऱ्याची नोंद, टोळीची नोंद. व्यापारी मजुरी मंडळाकडे भरतो, वर लेव्ही भरतो, आणि त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, भरपगारी रजा, औषधपाणी निघते. मधला माणूस गळतो. वाशीचा बाजार यामुळे बंद पडला का? माथाडीच्या नावाने पुढे खंडणीखोर माजले हे खरे, त्यांना आत टाका. पण त्यासाठी मंडळ मोडा म्हणणाऱ्यांचा हेतू मला वेगळाच दिसतो. उसालाही हेच लागू करा, असे आम्ही बैठकांतून बोललो की समोरून ठरलेले उत्तर यायचे: हंगामी धंद्याला मंडळ झेपत नाही. हंगामी धंद्याला लाखोंची उचल मात्र झेपते! ती घेऊन मुकादम पसार झाला की त्याची झळ दक्षिण महाराष्ट्रातल्या वाहतूकदाराला आणि कारखान्याला बसते. नोंद नसण्याची किंमत त्यांनीही मोजलीच आहे.

गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांचे महामंडळ झाले, कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घेण्याचे ठरले, वसतिगृहांची योजना आली. चांगलेच झाले. पण ती कल्याणाची पेटी आहे. मजुरी तिच्यातून जात नाही, उचल मुकादमाच्याच हाती राहते.

आता नवा सूर निघाला आहे: मजुरांनी भाव वाढवले म्हणून ऊस तोडणारा हार्वेस्टर आला. २०२३ साली ९०० यंत्रांना प्रत्येकी ४० टक्के किंवा ३५ लाख, जे कमी असेल ते, अनुदान देण्याची योजना सरकारने काढली. सरकारी पैशाने स्वस्त केलेल्या यंत्राचे खापर संघटनेवर फोडणे हा कुठला हिशेब? शिवाय लहान, तुकड्यांतल्या, ओल्या रानात ते यंत्र अडते आणि मग पुन्हा कोयताच बोलावला जातो.

आजच्या संघटनांकडे पाहून मात्र जीव तुटतो. हंगामाच्या तोंडावर पत्रक, चार दिवस घोषणा, मग टक्केवारी. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची देशभर चर्चा झाली, विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांची समितीही बसली. त्या शस्त्रक्रियांमागे खाड्याचा धाक होता: दिवस पाळीचा असो की आजाराचा, खाडा झाला की मुकादम पैसे कापतो. हा खाडा कुठल्या करारात आहे? बाई अर्धा कोयता म्हणून मोळ्या बांधते, डोक्यावर वाहते, आणि हिशेब तिच्या नवऱ्याच्या नावावर होतो. पुढच्या कराराला बसाल तेव्हा टक्के नंतर बोला. आधी प्रत्येक बाईचा स्वतंत्र नोंदणी क्रमांक आणि तिच्याच खात्यात तिची मजुरी, एवढे लिहून घ्या.