केळीचा घड आणि काळजाचा ठोका

नांदेडहून हिंगोलीकडे निघालं की वाटेत डोंगरकडा लागतं. कळमनुरी तालुक्यातलं हे गाव केळी-हळदीच्या पट्ट्यातलं. केळीची कटाई चालू असली की बांधावर घटकाभर थांबून पाहावं. गडी डोक्यावर चुंबळ ठेवतो, वीस-पंचवीस किलोंचा घड पेलतो आणि ओल्या सरीतून वाट काढत रस्त्यावरच्या गाडीपर्यंत जातो. घड उतरवून तो कमरेवर हात ठेवून उभा राहतो. छाती भात्यासारखी हलते, कपाळावरून घाम निथळतो. दोन-तीन मिनिटांत दम खाली बसतो आणि तो पुन्हा बागेत शिरतो.

एवढ्या वेळात त्याच्या अंगात केवढी उलथापालथ होऊन जाते! स्वस्थ बसलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला साधारण 70 ठोके देतं आणि 5 लिटर रक्त फिरवतं. जोराचं काम पडलं की हाच आकडा धडधाकट तरुणात 20 लिटरपर्यंत जातो. रक्ताची वाटणीही बदलते. एरवी स्नायूंच्या वाट्याला जेमतेम पाचवा हिस्सा येतो. भर कामात चार हिस्से त्यांच्याकडे वळतात आणि पोट, मूत्रपिंड यांचा वाटा आखडतो. भरल्या पोटी जड काम केलं की जीव कासावीस होतो, त्याचं एक कारण हेच. स्नायूंनी जाळलेल्या इंधनातला बराच मोठा भाग उष्णता होऊन बाहेर पडतो. ती घामावाटे गेली नाही तर अंग तापत जातं. म्हणून मराठवाड्याच्या उन्हाळ्यात भर दुपारची मेहनत निरोग्यालाही घातक ठरते.

हे झालं त्या वेळेपुरतं. रोज झेपेल एवढा ताण पडत गेला तर शरीरच बदलू लागतं. हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकतं, म्हणून बसल्या जागी त्याचे ठोके कमी होतात. स्नायूंत केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं, हाडं घट्ट होतात. मात्र ही डागडुजी काम चालू असताना होत नाही. ती होते नंतर, विश्रांतीत, झोपेत आणि पोटात पडलेल्या अन्नावर.

कष्ट म्हणजे व्यायाम नव्हे

‘आम्ही दिवसभर राबतो, आम्हाला व्यायाम कशाला?’ हा आपल्याकडचा नेहमीचा सवाल. त्याचं उत्तर पुण्याजवळच्या खेड्यांत सापडतं. 1990च्या दशकात केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या गरोदर बायांचा बारकाईने अभ्यास केला. पाणी वाहणं, शेतातलं काम असे कष्ट ज्यांच्या वाट्याला जास्त होते, त्यांच्या बाळांचं जन्मवजन कमी आढळलं. हलकं चालणं-फिरणं गरोदरपणात चांगलंच. पण अर्धपोटी, न थांबता केलेली मेहनत शरीराला घडवत नाही, झिजवते. व्यायामाला मोजमाप असतं, मध्ये विसावा असतो. मजुरीला बहुधा दोन्ही नसतात.

दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. नांगरट ट्रॅक्टरवर गेली, शेतात जायला मोटारसायकल आली. अंग दिसायला सडपातळ राहिलं, आतून मात्र बदललं. 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यडकिन यांचा फोटो छापून आला. उंचीच्या हिशेबात दोघांचं वजन अगदी सारखं. शरीरातली चरबी मात्र यडकिन यांची 9.1 टक्के, तर याज्ञिक यांची 21.2 टक्के. यात जन्मापासूनच्या जडणघडणीचा वाटा आहे, तसा सवयीचाही; यडकिन मॅरेथॉन धावणारे होते. काटकुळ्या दिसणाऱ्या आपल्या माणसांना शुगर कशी होते, याचं उत्तर या एका फोटोत आहे.

सवयीचा हा वाटा किती मोठा, हे त्याआधीच दिसलं होतं. 1953 साली संशोधक जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसमधल्या लोकांचा अभ्यास मांडला. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढ-उतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होता. गाडी तीच, रस्ता तोच, फरक पायांचा.

आजारपणात खाट की चाल?

घरात कुणाला हार्ट अटॅक येऊन गेला की सगळे मायेने म्हणतात, “तात्या, आता तुम्ही काही करू नका, नुसतं पडून राहा.” पूर्वी डॉक्टरही आठवडेच्या आठवडे झोपवून ठेवत. 1966 साली अमेरिकेतल्या डॅलस इथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे खाटेवर ठेवलं, तेव्हा त्यांची दमश्वासाची ताकद चौथ्या हिश्शाहून जास्त घटली. तीस वर्षांनी तेच पाच जण पुन्हा तपासले. तीस वर्षांच्या वयाने केलं नव्हतं तेवढं नुकसान त्या तीन आठवड्यांच्या खाटेने केलं होतं. आज प्रकृती स्थिर असली तर अटॅकच्या रुग्णाला एक-दोन दिवसांतच उठवून हळूहळू चालवतात. असा देखरेखीखालचा व्यायाम पुढचा मृत्यूचा धोका कमी करतो.

मधुमेहात तर चालणं हे औषधच. काम करणारा स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनची वाट न पाहता आत ओढून घेतो. हा परिणाम एक-दोन दिवस टिकतो, म्हणून सलग दोन दिवस खाडा नको. इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी, अनवाणी चालू नये आणि रात्री तळपाय निरखून पाहावेत. वाढलेल्या रक्तदाबात नियमित व्यायामाने वरचा आकडा साधारण 5 ते 8 अंकांनी उतरतो. फक्त श्वास रोखून ओझं उचलू नये. चुलीच्या धुराने छाती निकामी झालेल्या बाईची फुफ्फुसं नव्याने उगवत नाहीत, पण पाय सरावले की तेवढ्याच चालीला हवा कमी लागते आणि धाप उशिरा लागते.

थांबायचं कधी, हेही ठाऊक हवं. ताप असताना व्यायाम नको. काही विषाणू हृदयाच्या स्नायूलाही सूज आणतात. रक्त कमी असलेल्या बाईची छाती थोड्या कामानेही धडधडते, तिला आधी उपचार हवेत. चालताना छातीत दाब आला, घेरी आली, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ गेली, तर तिथेच बसावं आणि लगेच दवाखाना गाठावा.

किती करावं? जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम सांगते. मोजायला घड्याळ नसलं तरी चालेल. चालताना बोलता आलं पण गाणं म्हणता आलं नाही, तर चाल बरोबर आहे. हृदयाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांची नाडी फारशी वाढत नाही, त्यांनाही हीच खूण कामाला येते.

केळीच्या बागेतल्या गड्याला दोन घास जास्त आणि दोन घटका विसावा हवा आहे. खाटेवरच्या तात्यांना त्याच्या उलट हवं आहे. डॉक्टरांनी होकार दिला की त्यांचा हात धरा. पहिल्या दिवशी उंबऱ्यापर्यंत, मग अंगणापर्यंत, पुढे मारुतीच्या पारापर्यंत. पारावर थोडं बसू द्या, दम खाली बसू द्या. आणि येताना त्यांचं त्यांना चालू द्या. तुम्ही फक्त सोबत राहा.