दहा जण जमेपर्यंत

२३ एप्रिल २०२१. विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्यातून निघालेली पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस त्या दिवशी महाराष्ट्रात शिरली. डोंगरगड सोडलं की हा लोहमार्ग बोरतलावच्या जंगलात घुसतो, दरेकशाचा बोगदा पार करतो आणि सालेकसा, आमगाव करत गोंदियाला येतो. सपाट वाघिणींवर द्रवरूप ऑक्सिजनचे सात टँकर चढवलेले होते. त्यातले तीन नागपूरला उतरले, चार पुढे नाशिकला गेले. कोविडची दुसरी लाट ऐन भरात होती आणि विदर्भातले नातेवाईक सिलिंडरसाठी रात्र रात्र फोन करत होते.

दरेकसा हे नाव दोन प्रकारच्या लोकांना ठाऊक असतं. गोंड समाजासाठी ते कचारगडच्या पवित्र गुहेचं स्टेशन. माघ पौर्णिमेला दूरदूरच्या राज्यांतून माणसं इथे उतरतात आणि ‘जय सेवा’ म्हणत गुहेकडे चालू लागतात. पोलिसांच्या कागदांत मात्र तेव्हा दरेकसा म्हणजे नक्षलवाद्यांचं दलम. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा नक्षलग्रस्त म्हणूनच वाढला. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावच्या जंगलपट्ट्यात पोलिसांची सशस्त्र दूरक्षेत्रं उभी राहिली. २०२१ साली केंद्रीय गृह मंत्रालयाने नक्षलग्रस्त जिल्ह्यांची यादी सत्तरवर आणली, तेव्हा महाराष्ट्रातले दोनच जिल्हे तीत उरले होते: गडचिरोली आणि गोंदिया.

संघर्षग्रस्त प्रदेशातली महामारी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येमेन, काँगो, अफगाणिस्तान येतात. तिथे संयुक्त राष्ट्रांच्या पांढऱ्या गाड्या असतात, रेड क्रॉसचं निशाण असतं, औषधांच्या खेपेसाठी दोन्ही बाजूंशी बोलणी होतात. आपल्याकडे नक्षलवादाचा प्रश्न कायदा आणि सुव्यवस्थेचा मानला जातो, त्यामुळे मध्ये उभं राहणारं तटस्थ कुणी नसतं. शेजारच्या छत्तीसगडात काही वर्षं तसा प्रयत्न झाला होता. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेचे फिरते दवाखाने २००६ पासून तिथे होते. आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समिती बिजापूर जिल्ह्यात आरोग्याचं काम करत होती, ते २०१३ मध्ये थांबलं. कोविड आला तेव्हा समितीला तिथून जाऊन सात वर्षं झाली होती.

२३ मार्च २०२० रोजी संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस अंतोनियो गुटेरेस यांनी जगभर शस्त्रं खाली ठेवण्याचं आवाहन केलं. त्याच्या दोनच दिवस आधी सुकम्यात सतरा जवान मारले गेले होते. एप्रिलमध्ये माओवाद्यांच्या मलकानगिरी-कोरापुट-विशाखा सीमा विभागाने पाच दिवसांचा एकतर्फी युद्धविराम जाहीर केला. महामारी लांबत गेली आणि जंगलातल्या शांततेच्या वाट्याला एका कोपऱ्यात पाच दिवस आले. २१ मे २०२१ रोजी, दुसरी लाट पुरती ओसरलीही नव्हती तेव्हा, गडचिरोलीच्या पैडीच्या जंगलात तेरा नक्षलवादी मारले गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मर्दिनटोल्याच्या चकमकीत माओवादी नेता मिलिंद तेलतुंबडे मारला गेला. महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडच्या ज्या जोडपट्टीची सूत्रं त्याच्याकडे होती, तिच्यात गोंदिया येतो.

मग या पट्ट्यात बाहेरच्या जगाची मदत पोचली तरी कशी? याचा माग काढताना माझं लक्ष आधी विमानांकडेच गेलं. २७ एप्रिल २०२१ पासून महिनाभर परदेशी मदत भारतात उतरत होती. मेअखेरपर्यंत सुमारे अठरा हजार ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, एकोणीस हजार सिलिंडर आणि पंधरा हजारांहून जास्त व्हेंटिलेटर व बायपॅप राज्यांकडे रवाना झाले. भारतीय रेड क्रॉस सोसायटीच्या नावावर माल यायचा आणि पुढे त्याचं वाटप व्हायचं.

हा कॉन्सन्ट्रेटर जवळून बघावा. चाकं लावलेल्या प्रवासी बॅगेएवढा डबा. तो खोलीतली हवा ओढून घेतो. हवेत ऑक्सिजन असतो एकवीस टक्के, बाकी बहुतेक नायट्रोजन. आतले झिओलाइटचे बारीक दाणे दाबाखाली नायट्रोजन धरून ठेवतात आणि नळीतून नव्वद-त्र्याण्णव टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन बाहेर येतो, मिनिटाला पाच किंवा दहा लिटर. ना टँकर लागतो, ना सिलिंडर भरायला जावं लागतं. जंबो सिलिंडरमध्ये सात हजार लिटर वायू मावतो. मिनिटाला दहा लिटर लागणाऱ्या रुग्णाला तो बारा तासही पुरत नाही, आणि मग रिकामं नळकांडं गाडीत टाकून शहर गाठावं लागतं. जंगलातल्या गावासाठी कॉन्सन्ट्रेटर म्हणूनच फार मोलाचा. फक्त त्याला वीज लागते, आणि तीही सलग. वळवाच्या पहिल्या वाऱ्यात झाड तारांवर पडलं की झाडीपट्टीत वीज कधी परत येईल हे कुणी सांगत नाही. वीज गेली की तो डबा डबाच राहतो.

दुसरी अडचण कायद्याची होती. परदेशी देणग्यांच्या कायद्यात सप्टेंबर २०२० मध्ये दुरुस्ती झाली. परदेशातून पैसा मिळालेली संस्था तो दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही, असं ठरलं. मोठ्या शहरातली संस्था पैसा आणणार आणि तालुक्यातली छोटी संस्था तो गावात वापरणार, ही जुनी साखळी ऐन महामारीत तुटली. पैशाचा हिशेब कडक हवा, हे मान्यच. पण ज्या माणसांना देवरी तालुक्यातल्या चिचगडपलीकडच्या टोल्यांच्या पायवाटा ठाऊक होत्या, नेमके त्यांचेच हात त्या वेळी रिकामे राहिले. हा निर्णय त्या घडीला चुकीचा होता, असं माझं स्पष्ट मत आहे.

विमानांवरून नजर काढली तेव्हा दुसरीच मदत दिसू लागली. ती जुनी होती, मुरलेली होती, आणि तिला परदेशी म्हणायचं कुणाच्या मनातही येत नव्हतं. विदर्भाला जगवणारा द्रव ऑक्सिजन मुख्यतः भिलाईहून येत होता. देवरीच्या रस्त्याने, शिरपूरचा नाका ओलांडून त्याचे टँकर नागपूरकडे जायचे. भिलाईचा पोलाद कारखाना १९५५ च्या करारानुसार सोव्हिएत मदतीने उभा राहिलेला. विशाखापट्टणमचा कारखानाही सोव्हिएत सहकार्यातूनच झाला. पोलादासाठी हवेतून वेगळा काढायचा ऑक्सिजन तिथे रोजच तयार होत होता. ज्या देशाने ही मदत केली तो नकाशावरून गेल्यालाही तीस वर्षं होत आली होती.

तसाच पोलिओचा पाया. १९९७ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि भारत सरकारने पोलिओच्या पाळतीचं जाळं उभारलं. कुठे मुलाच्या पायातली ताकद अचानक गेली की खबर वर जायची. २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त ठरला, पण जाळं गुंडाळलं गेलं नाही. कोविडमध्ये तीच माणसं बाधितांचा शोध, संपर्कातल्यांच्या याद्या आणि पुढे लसीकरणाचं नियोजन या कामांना लागली. लसींच्या शीतपेट्यांचंही असंच. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाने उभारायला मदत केलेली ‘ईविन’ ही यंत्रणा शीतपेटीतलं तापमान फोनवर कळवते. कोविशिल्डला दोन ते आठ अंश लागतात. आरोग्य केंद्राच्या कोपऱ्यात घुरघुरणाऱ्या त्या पांढऱ्या पेटीकडे बघून कुणाला न्यूयॉर्क किंवा जिनिव्हा आठवत नाही, आणि तेच तिचं यश आहे.

पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेली हीच लस फेब्रुवारी २०२१ मध्ये काबूलला गेली, पाच लाख डोस. ‘कोव्हॅक्स’मधून काँगोला मार्चमध्ये सतरा लाख डोस मिळाले. लोक लस घ्यायला पुढे येईनात, म्हणून त्यातले तेरा लाख मुदत संपण्याआधी दुसऱ्या देशांना देऊन टाकावे लागले. लस विमानतळावर पोचली होती, दंडापर्यंत पोचली नाही.

गोंदियाच्या जंगलपट्ट्यातही खरा प्रश्न हाच होता, आणि तो एका कुपीत मावतो. कोविशिल्डच्या कुपीत दहा डोस. एकदा उघडली की चार तासांत संपवायची, नाहीतर उरलेली फेकायची. शहरात दहा माणसं दहा मिनिटांत उभी राहतात. पंधरा घरांच्या टोल्यावर एप्रिल-मेमध्ये अर्धं गाव पहाटेच मोहाला नाहीतर तेंदूपत्त्याला गेलेलं असतं. मिरची तोडायला तेलंगणात गेलेला गडी पहिल्या टाळेबंदीत तिकडेच अडकला होता, तो आता घर सोडायला राजी नसतो. लस घेऊन ताप आल्याची बातमी मात्र कुपीच्या आधी गावात पोचलेली असते. दहा जण कोण जमवणार?

वर्दीतला माणूस जमवू शकतो, पण त्याची किंमत गावाला मोजावी लागते. दूरक्षेत्राच्या फाटकात शिरलेला माणूस उद्या खबऱ्या ठरू शकतो, आणि त्या संशयावर या पट्ट्यात माणसं मारली गेली आहेत. म्हणून शिबिर कुठे भरतं याला महत्त्व. शाळेच्या ओसरीवर मांडलेलं टेबल आणि पोलिसांच्या तंबूखाली मांडलेलं टेबल, लस एकच असली तरी एकच नव्हेत.

आपल्या महाराष्ट्राने हे फार पूर्वी बघितलं आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा ओडेसात जन्मलेला आणि पॅरिसच्या पाश्चर संस्थेत घडलेला वाल्डेमार हाफकिन तिथे आला. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या छोट्या प्रयोगशाळेत त्याने लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी पुण्यात प्लेगची झडती गोऱ्या सोजिरांनी घेतली, देवघरापर्यंत बुटांनी गेले. २२ जूनला प्लेग कमिशनर रँडवर गोळी झाडली गेली. एकाच रोगावर एकाच वर्षी बाहेरून आलेले हे दोन उपाय. एकाची आठवण परळच्या संस्थेच्या नावात जपली गेली, दुसऱ्याची आठवण निघाली की आजही पुणेकराचा आवाज बदलतो.

गोंदियात दहा जण जमवले ते आशाताईंनी. गावातलीच सून, गोंडी किंवा झाडीबोली बोलणारी, बाळंतपणाला रात्री हाक मारली की येणारी. महिन्याला हजार रुपयांचा कोविड भत्ता, बोटाला लावायचं ऑक्सिमीटर, कपाळासमोर धरायचं थर्मामीटर आणि घरांची यादी. जिच्या हाताने मुलाला पोलिओचे दोन थेंब मिळाले, तिच्यासमोर म्हातारीही कुरकुरत का होईना दंड पुढे करते. जून २०२१ मध्ये राज्यभरातल्या आशा मानधनासाठी संपावर गेल्या, तेव्हा कुठे सरकारने दरमहा दीड हजार रुपये वाढवले.

२२ मे २०२२ रोजी जिनिव्हात जागतिक आरोग्य सभेच्या उद्घाटनाच्या बैठकीत जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाख आशांना जागतिक आरोग्य नेतृत्वाचा पुरस्कार दिला. तो दिवस होता रविवारचा, आणि झाडीपट्टीत तेंदूपत्त्याचा हंगाम होता. आशांच्या मानधनावर घर चालत नाही. या दिवसांत पहाटे पान तोडायचं, दुपारी पुडकी बांधायची, संध्याकाळी खरेदीच्या फळीवर मोजून द्यायची, आणि त्यानंतर राहिलेल्या दुसऱ्या डोसची यादी काढायची.