नर्सिंगला जाताय? आधी वाट नीट पाहून घ्या

बारावीचा निकाल लागला की घराघरांत पुढच्या शिक्षणाची चर्चा सुरू होते. नीटमध्ये गुण कमी पडले, तर 'मग नर्सिंग तरी घे' असा सल्ला हमखास मिळतो. या सल्ल्यात दोन गैरसमज आहेत. एक म्हणजे डॉक्टर होता आले नाही की उरणारी वाट म्हणजे नर्सिंग. दुसरा म्हणजे कुठूनही, कसलाही नर्सिंग कोर्स केला तरी चालतो. पहिल्या गैरसमजाने मन खट्टू होते, तर दुसऱ्याने वर्षे आणि पैसे दोन्ही वाया जातात.

डॉक्टर वॉर्डात फेरी मारून जातात, पण रुग्णाजवळ चोवीस तास असते ती परिचारिका. पहाटे तीन वाजता रुग्णाचा श्वास वाढला आहे, लघवी कमी झाली आहे, बोलणे असंबद्ध होते आहे, हे आधी तिच्या लक्षात येते. हे ओळखायला शरीरशास्त्र, औषधशास्त्र यांचा पक्का अभ्यास लागतो. नुसता सेवाभाव पुरत नाही.

मान्यताप्राप्त शिक्षणाच्या मुख्य वाटा तीन आहेत. एएनएम हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम मुलींसाठी असून बारावीच्या कोणत्याही शाखेनंतर करता येतो. त्यातून उपकेंद्रावर आरोग्य सेविका होता येते. जीएनएम ही तीन वर्षांची पदविका मुलगे आणि मुली दोघांनाही खुली आहे. इथेही शाखेची अट नाही, पण बारावीला इंग्रजी विषय आणि किमान ४० टक्के गुण हवेत. बीएस्सी नर्सिंग ही चार वर्षांची पदवी. तिला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय लागतात. राज्यात त्यासाठी सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा द्यावी लागते.

जीएनएम केले म्हणजे पदवीचे दार बंद झाले, असे नाही. दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बीएस्सी करून पदवी मिळवता येते. पुढे दोन वर्षांचे एमएस्सी केले की अध्यापनाकडे वळता येते. आणखी एक वाट लष्करी सेवेची. पुण्याच्या एएफएमसीसह सशस्त्र दलांच्या महाविद्यालयांत मुलींना नीटच्या गुणांवर बीएस्सीला प्रवेश मिळतो. पुढे मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये अधिकारी म्हणून त्या रुजू होतात.

आता पगाराचा प्रश्न. सातव्या वेतन आयोगानुसार केंद्र सरकारच्या रुग्णालयांत नर्सिंग ऑफिसरचे मूळ वेतन ४४,९०० रुपयांपासून सुरू होते. महाराष्ट्र सरकारच्या सेवेत अधिपरिचारिकेचे मूळ वेतन ३५,४०० रुपयांपासून सुरू होते. त्यावर महागाई भत्ता आणि घरभाडे भत्ता वेगळा. पुढे परिसेविका, अधिसेविका अशी बढती मिळते. उपकेंद्रावरील समुदाय आरोग्य अधिकारी हे पद कंत्राटी आहे. त्यात दरमहा २५,००० रुपये आणि कामगिरीनुसार १५,००० रुपयांपर्यंत मोबदला मिळतो.

खासगी क्षेत्रात मात्र चित्र वेगळे आहे. मोठ्या शहरांतील नामांकित रुग्णालये बरा पगार देतात. लहान नर्सिंग होममध्ये तेवढ्याच शिक्षणाला आणि तेवढ्याच नाईट ड्युटीला सरकारी पगाराच्या बराच खालचा आकडा मिळतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिलेल्या निर्देशानंतर केंद्राने याबाबत समिती नेमली. ५० खाटांपेक्षा लहान रुग्णालयांतही किमान २०,००० रुपये द्यावेत आणि २०० पेक्षा जास्त खाटांच्या रुग्णालयांत राज्य सरकारइतका पगार असावा, अशी शिफारस तिने केली. अंमलबजावणी मात्र राज्यांवर सोपवली गेली. केरळने २०१८ मध्ये किमान वेतन २०,००० रुपये असल्याची अधिसूचना काढली. नोकरी स्वीकारताना हे आकडे ठाऊक असलेले बरे.

परदेशातही मागणी मोठी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार २०२३ मध्ये जगात सुमारे ५८ लाख परिचारिकांची कमतरता होती. पण प्रत्येक देशाची परीक्षा वेगळी असते. अमेरिकेसाठी एनक्लेक्स, ब्रिटनसाठी इंग्रजीची आणि कौशल्याची चाचणी, तर जर्मनीसाठी जर्मन भाषा शिकावी लागते. 'परीक्षेशिवाय थेट नोकरी' असे सांगून आगाऊ रक्कम मागणाऱ्या एजंटापासून दूरच राहावे. एजंटाचा परवाना परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येतो.

सर्वांत मोठा धोका मात्र घराजवळच असतो. सहा महिन्यांत किंवा वर्षभरात 'नर्स' करून देणारे वर्ग गावोगावी दिसतात. त्यांचे प्रमाणपत्र घेऊन महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होत नाही, आणि नोंदणीशिवाय सरकारी नोकरी नाही, परदेशाची वाटही नाही. म्हणून फी भरण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात. संस्थेला परिषदेची मान्यता आहे का? परीक्षा कोण घेते? पदवीसाठी नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ, तर एएनएम आणि जीएनएमसाठी राज्याचे शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ असायला हवे. आणि प्रात्यक्षिकासाठी स्वतःचे किंवा संलग्न रुग्णालय आहे का? तिथे खाटा किती आणि प्रत्यक्षात रुग्ण किती, हे स्वतः जाऊन पाहावे. रिकाम्या वॉर्डात नर्सिंग शिकता येत नाही.

हे काम अंगमेहनतीचे आहे. तीन पाळ्या, सणासुदीची ड्युटी आणि अपुऱ्या मनुष्यबळाचा ताण असतो. निकषानुसार साध्या वॉर्डात सहा रुग्णांमागे आणि अतिदक्षता विभागात प्रत्येक रुग्णामागे एक परिचारिका हवी. अनेक ठिकाणी एकीच्या वाट्याला याहून कितीतरी जास्त रुग्ण येतात. मुलाखतीच्या वेळी पगाराबरोबर 'एका पाळीत किती रुग्ण?' हेही विचारावे. या प्रश्नाचे उत्तर मोकळेपणाने देणारे रुग्णालय बहुधा कामासाठीही बरे असते आणि रुग्णांसाठीही.