सुकतळा

सुकतळा म्हणजे पादत्राणाच्या आतील, तळपायाला थेट लागून असणारा थर होय. त्याला सुखतळा किंवा आतला तळ असेही म्हणतात. बाजारात इनसोल हा शब्द रूढ आहे. बाहेरचा तळ जमिनीशी होणारी झीज सोसतो आणि वरचे अंग पाऊल धरून ठेवते. शरीराचा भार तळपायावर योग्य रीतीने वाटून देणे, चालताना बसणारा आघात सौम्य करणे, घाम शोषणे आणि खालच्या शिवणी व खिळे यांपासून त्वचेचे रक्षण करणे ही कामे सुकतळ्याची असतात. निरोगी माणसाला वाईट सुकतळ्याचा त्रास होतो तो टाचदुखी, घट्टे किंवा फोड यांच्या रूपाने. कुष्ठरोग किंवा मधुमेह यांमुळे ज्याच्या तळपायाची संवेदना गेली आहे, त्याच्यासाठी मात्र तोच दोष न भरणाऱ्या जखमेचे आणि प्रसंगी पाऊल गमावण्याचे कारण ठरू शकतो.

प्रकार

सुकतळ्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिला बांधणीतला सुकतळा. तो बुटाचा कणाच असतो. पायाच्या आकाराच्या साच्यावर प्रथम तो बसवला जातो, वरच्या अंगाच्या कडा त्यावर ओढून शिवल्या किंवा चिकटवल्या जातात आणि मग बाहेरचा तळ जोडला जातो. हा भाग खराब झाला तर संपूर्ण बूट उसवावा लागतो. दुसरा सुटा सुकतळा. तो आत सरकवता येतो, काढून वाळवता येतो आणि झिजल्यावर बदलता येतो. पूर्वी बांधणीतला सुकतळा जाड चामड्याचा असे. आज बहुतेक कारखानदारी बुटांत त्याची जागा दाबून तयार केलेल्या तंतूंच्या पुठ्ठ्याने घेतली आहे. पुठ्ठा स्वस्त असतो आणि एकसारख्या जाडीचा मिळतो. पण हलक्या प्रतीचा पुठ्ठा वारंवार भिजल्यास फुगतो आणि त्याचे थर सुटतात.

इतिहास

पायाखाली मऊ थर घालण्याची कल्पना पादत्राणाइतकीच जुनी आहे. आर्मेनियातील अरेनी येथील गुहेत २००८ मध्ये सापडलेला, इसवी सनापूर्वी सुमारे ३५०० वर्षांचा चामडी जोडा गवताने भरलेला होता. आल्प्स पर्वतात १९९१ मध्ये हिमनदीत सापडलेल्या ‘ओट्झी’ या प्राचीन मानवाच्या जोड्यांतही उबेसाठी वाळलेले गवत घातलेले होते. याउलट आपल्याकडील लाकडी खडावांत आतला मऊ थर मुळीच नसतो. पाऊल थेट कठीण पृष्ठभागावर टेकते आणि अंगठा व शेजारचे बोट यांच्या पकडीवर सारी चाल अवलंबून राहते.

महाराष्ट्रातील पारंपरिक पादत्राणांत कोल्हापुरी चपलेची रचना या संदर्भात अभ्यासण्याजोगी आहे. बाभळीची साल आणि हिरडा यांसारख्या वनस्पतिज द्रव्यांनी कमावलेल्या चामड्याचे थर एकावर एक ठेवून ते चामड्याच्याच वादीने शिवले जातात. अस्सल चपलेत खिळे वापरले जात नाहीत. वनस्पतिज कमावणीचे चामडे घाम शोषते आणि वापरात हळूहळू पायाच्या ठशाप्रमाणे दबते. नवी कोल्हापुरी चप्पल चावते आणि जुनी सुखाची वाटते, त्याचे एक कारण हेच आहे. म्हणजे इथे वेगळा सुकतळा बसवलेला नसतो. वरचा थर वापरणाऱ्याच्या पावलाखाली घडत घडत सुकतळ्याचे काम करू लागतो. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांतील जिल्ह्यांसाठी संयुक्तपणे भौगोलिक मानांकन मिळाले.

तळपायावरील दाब

मानवी पावलात २६ हाडे असतात आणि त्यांच्या मांडणीमुळे तळपायाला कमान लाभते. त्यामुळे सपाट पृष्ठभागावर उभे राहिल्यास संपूर्ण तळवा टेकत नाही. भार मुख्यतः टाच, बोटांच्या मुळाशी असलेली हाडांची टोके आणि अंगठा यांवर येतो. दाब म्हणजे भार भागिले क्षेत्रफळ. भार कमी करता येत नसेल, तर टेकणारे क्षेत्र वाढवणे हाच दाब कमी करण्याचा मार्ग होय, आणि सुकतळ्याच्या रचनेचे सारे शास्त्र या एका सूत्रावर उभे आहे.

उदाहरणार्थ, ६० किलो वजनाची व्यक्ती चालताना पाऊल रेटते तेव्हा पुढच्या भागावर सुमारे ६५० न्यूटन बल येते असे मानू. ते ३० चौरस सेंटिमीटर क्षेत्रावर पडले, तर सरासरी दाब सुमारे २१७ किलोपास्कल होतो. सुकतळ्याने बोटे आणि कमानीचा काही भाग यांना आधार देऊन तेच क्षेत्र ४५ चौरस सेंटिमीटर केले, तर दाब सुमारे १४४ किलोपास्कलवर येतो. वजन तेवढेच, चाल तीच. दाब मात्र एक तृतीयांशाने घटला. यावरून केवळ मऊपणा पुरेसा का नसतो, हेही ध्यानात येते. अतिमऊ थर भाराखाली पूर्ण दबून जातो आणि पाऊल पुन्हा खालच्या कठीण तळावरच टेकते. दुकानात बोटाने दाबून पाहिलेला मऊपणा म्हणूनच फसवा ठरतो.

उभ्या दाबाखेरीज घर्षणही महत्त्वाचे असते. पाऊल आत पुढेमागे सरकत राहिले की त्वचेचे थर एकमेकांवर ओढले जातात आणि फोड येतात. टाचेभोवती उथळ वाटी असलेला सुकतळा हे सरकणे रोखतो.

साहित्य

चामडे : घाम शोषून हळूहळू सोडते, पावलाचा आकार घेते आणि टिकते. ते उशीसारखे उसळत नाही. सतत ओले राहिल्यास त्यावर बुरशी येते आणि वारंवार भिजून वाळल्याने ते कडक होते.

ईव्हीए : बंद छिद्रांचा हलका फेस. पाणी शोषत नाही, उष्णतेने आकार देता येतो आणि स्वस्त असतो. रोजच्या वापरात त्यातील छिद्रांच्या भिंती मोडत जातात आणि थर कायमचा चपटा होतो.

पॉलियुरेथेन फेस : ईव्हीएपेक्षा किंचित जड असतो, दबल्यावर मूळ जाडीवर परत येण्याचा त्याचा गुण अधिक टिकतो.

पॉलिएथिलीन फेस : अत्यंत मऊ असून शरीराच्या उष्णतेने व भाराने पावलाचा ठसा घेतो. नाजूक त्वचेसाठी वरचा थर म्हणून उपयुक्त. एकटा वापरल्यास लवकर बसतो.

सूक्ष्मछिद्री रबर : सूक्ष्म हवाकोश असलेले रबर. एमसीआर या संक्षेपाने ते ओळखले जाते. मऊपणा आणि टिकाऊपणा यांचा समतोल साधत असल्याने संवेदनाहीन पायांच्या पादत्राणांत ते दीर्घकाळ वापरले जात आहे. जयपूर पाय या कृत्रिम पायाच्या बांधणीतही हेच रबर असते.

कोणतेही एक द्रव्य सर्व गुण देत नाही. म्हणून चांगला सुकतळा बहुधा तीन थरांचा असतो : त्वचेशी मऊ व घाम सोसणारा थर, मध्ये उसळी देणारा थर आणि खाली आकार राखणारा घट्ट थर.

संवेदनाहीन पाय आणि एमसीआर चप्पल

संवेदनाहीन पायांसाठीच्या सुकतळ्याच्या रचनेला वैद्यकीय अधिष्ठान देणारे महत्त्वाचे काम भारतात झाले. शल्यविशारद पॉल ब्रँड हे १९४६ पासून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात कार्यरत होते. कुष्ठरोग्यांची बोटे आणि पावले रोगामुळे आपोआप झडतात, हा समज त्यांच्या निरीक्षणांनी खोडून काढला. रोगाने मज्जातंतू निकामी होतात, वेदना कळेनाशी होते, आणि वेदनेचा इशारा नसल्याने रुग्ण दुखावलेल्या भागावरच चालत राहतो. नुकसान होते ते यामुळे. निरोगी माणूस फोड आला की नकळत लंगडतो आणि त्या जागेवरील भार हटवतो. संवेदनाहीन पायाचा माणूस लंगडत नाही. रोजचा मध्यम दाबही त्याच जागी हजारो वेळा पडून आतील ऊती सुजतात आणि शेवटी त्वचा फुटते.

या जाणिवेतून शस्त्रक्रियेइतकेच महत्त्व पादत्राणाला आले. मऊ सूक्ष्मछिद्री रबराचा सुकतळा आणि त्याखाली काटा किंवा काच शिरू न देणारा टणक रबराचा तळ, अशी रचना रूढ झाली. मोटारीच्या जुन्या टायरचाही बाहेरच्या तळासाठी उपयोग केला गेला. या चपलेचे काही नियम ठरून गेले. तिच्यात खिळा मारायचा नाही, कारण वर आलेला खिळा पायाला कळत नाही. पट्टे रुंद व समायोज्य हवेत आणि टाचेमागे पट्टा हवा, कारण अशक्त किंवा संवेदनाहीन पावलातून चप्पल निसटली तरी वापरणाऱ्याला समजत नाही. अंगठ्याच्या पकडीवर टिकणारी चप्पल याच कारणाने टाळली जाते.

भारतात राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रम १९५५ मध्ये सुरू झाला आणि १९८३ मध्ये त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले. या कार्यक्रमात गरजू रुग्णांना एमसीआर पादत्राणे पुरवली जातात. त्यांच्या वापरातील एक अडचण सामाजिक होती. ठरावीक घाटाची चप्पल दिसताच गावात लोक रोग ओळखत. त्यामुळे पायाचे रक्षण करणारी वस्तूच अनेकांना नकोशी होई. यावर उपाय म्हणून नेहमीच्या बाजारी चपलेसारख्या दिसणाऱ्या रचनेत तोच सुकतळा बसवण्याकडे कल वाढला. वापरली न जाणारी चप्पल कितीही शास्त्रशुद्ध असली तरी निरुपयोगी, हा धडा या अनुभवाने दिला.

मधुमेह

दीर्घकाळच्या मधुमेहातही पायाचे मज्जातंतू क्षीण होतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या सहकार्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणाच्या अंदाजानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. त्यामुळे एकेकाळी कुष्ठरोगापुरता मानला गेलेला हा प्रश्न आज घरोघरी पोचला आहे. संवेदना तपासण्यासाठी १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू तळपायाला टेकवतात; तो स्पर्श न कळल्यास पाय धोक्यात आहे असे समजले जाते.

ज्यांच्या तळपायाची जखम एकदा भरून आली आहे, त्यांच्यासाठी खास बनवलेल्या पादत्राणाने आतील कमाल दाब २०० किलोपास्कलच्या खाली आणावा किंवा किमान ३० टक्क्यांनी घटवावा, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. पादत्राणाची आतील लांबी पावलापेक्षा १ ते २ सेंटिमीटर अधिक असावी. जाड सुकतळा घालायचा, तर बूटही तेवढा खोल हवा. नाही तर वरचे अंग बोटांवर आवळते आणि खालची जखम टळून वर नवी होते. अशा व्यक्तींनी घरातही अनवाणी चालू नये आणि पादत्राण घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा, घडी किंवा खिळा नाही ना, हे पाहावे. उन्हात तापलेल्या देवळाच्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालताना तळपाय भाजल्याचे संवेदनाहीन व्यक्तीला उशिरा समजते, हेही लक्षात घ्यावे लागते.

रचनेची पद्धत

प्रथम उभ्या स्थितीत पावलाची बाह्यरेषा कागदावर काढतात. दोन्ही पावले स्वतंत्र मोजली जातात, कारण ती क्वचितच तंतोतंत सारखी असतात. माप संध्याकाळी घेणे इष्ट, कारण दिवसभरात पाय किंचित सुजतात. शाईच्या चटईवर उमटवलेला ठसा अधिक दाबाच्या जागा गडद रंगात दाखवतो. खोल आकार हवा असल्यास दबणाऱ्या फेसाच्या पेटीत किंवा प्लास्टरमध्ये पावलाचा साचा घेतात आणि त्यावर तापवलेला थर बसवतात.

बोटांच्या मुळाशी दुखत असेल, तर उंचवटा दुखऱ्या जागेखाली ठेवत नाहीत. तिच्या किंचित मागे ठेवतात, म्हणजे भार हाडांच्या मधल्या भागावर सरकतो. उंचवटा चुकून पुढे बसला तर दाब उलट वाढतो. जखमेच्या जागी भोक पाडण्याची पद्धतही जपून वापरावी लागते, कारण भोकाच्या कडेवर नवा दाब निर्माण होतो. सर्व कडा रापीने उतरत्या तासल्या जातात आणि थर खिळ्यांऐवजी चिकटद्रव्याने किंवा शिवणीने जोडले जातात.

टिकाऊपणा

दिवसाला ६,००० पावले चालणाऱ्याचा प्रत्येक सुकतळा रोज ३,००० वेळा, म्हणजे वर्षाला सुमारे ११ लाख वेळा दबतो. म्हणून सुकतळ्याचे आयुष्य त्याच्या फाटण्यावरून ठरत नाही. जाडी कायमची किती घटली यावरून ठरते. टाचेखालची आणि कमानीखालची जाडी चिमटीत धरून ताडून पाहिल्यास बसलेला भाग लगेच कळतो. पृष्ठभाग नवा दिसत असूनही टाचेखालचा थर पातळ व कडक झाला असेल, तर सुकतळा बदलणे आवश्यक असते.

कोकणातील वापर

रत्नागिरीत वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या काळात येतो. या दमट हवेत चामडी सुकतळ्यावर बुरशी धरते आणि पुठ्ठ्याचा थर सुटतो. त्यामुळे पावसाळ्यात चामडी पादत्राणे बांधून ठेवून रबरी किंवा प्लास्टिकची वापरण्याचा प्रघात आहे. भातलावणीच्या चिखलात लेप्टोस्पायरोसिसचा धोका असल्याने गमबूट वापरण्याचा सल्ला दिला जातो. गमबुटात हवा खेळत नाही आणि त्याचा आतला तळ सपाट असतो. म्हणून बंद छिद्रांचा, काढून धुता येणारा सुकतळा तेथे सोयीचा ठरतो. सुकतळ्यांच्या दोन जोड्या आलटूनपालटून वापरल्यास प्रत्येकीला वाळायला पुरा दिवस मिळतो. ते सावलीत, वाऱ्यावर वाळवावेत. चुलीजवळ ठेवल्यास फेस आकसतो, चामडे तडकते आणि चिकटद्रव्य सुटते.