अनोळखी फाइलीची पारख

गेल्या आषाढात आमच्या पेढीच्या संगणकावर तांबडी सूचना झळकली : ‘एसव्हीसीहोस्ट’ ही फाइल संशयास्पद आहे. मुनीमजी ती पुसण्यास सरसावले. मी म्हणालो, “थांबा मुनीमजी; नमुना काढल्यावाचून पोते परत धाडतो का आपण?” त्या यंत्रात तीन वर्षांच्या खतावण्या होत्या.

माझे भय निराधार नव्हते. दि. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफी या विषाणुरोधक प्रणालीने विंडोज एक्सपीमधील याच नावाची अस्सल फाइल दोषी ठरविली आणि जगभरातील हजारो यंत्रे पुनःपुन्हा बंद-चालू होत खोळंबली. राखणदारानेच धन्यास कोंडावे, तसा प्रकार !

अस्सल फाइल विंडोजच्या ‘सिस्टीम३२’ या कप्प्यात वसते. एकाच वेळी तिच्या अनेक प्रती चालू दिसतात. त्यात वावगे काही नाही. नावावर मात्र विसंबू नये. बारदानावर छाप कोणीही मारील. फाइलीचे ठिकाण व मायक्रोसॉफ्टची अंकीय स्वाक्षरी पाहावी. आमची फाइल तात्पुरत्या फाइलींच्या कप्प्यात सापडली, स्वाक्षरी नव्हतीच. तिला विलग ठेवले, खतावण्यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर उतरविली आणि मग (थोडे उशिराच) जाणत्या तंत्रज्ञास पाचारण केले. तिची आणखी दोन भावंडे मुनीमजींच्या पेनड्राइव्हमध्ये निघाली.